चपळाईचा हिशेब : ॲक्शन आरपीजीतील लढाऊ भिक्षूच्या रचनेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

संगणकीय खेळांच्या ज्या प्रकाराला ‘ॲक्शन आरपीजी’ म्हणतात, त्यात खेळाडू एक पात्र निवडतो, लढायांतून मिळणारा अनुभव, कौशल्ये आणि सामग्री यांच्या बळावर त्याला वाढवत नेतो, आणि हे करताना प्रत्येक वार स्वतःच्या हाताने, त्या त्या क्षणी बटण दाबून करतो. अशा खेळांत पात्रांचे ठरीव ‘क्लास’, म्हणजे वर्ग, असतात. जड चिलखतातला योद्धा, दुरून मंत्र टाकणारा जादूगार आणि धनुर्धारी यांच्या जोडीला बहुतेक ठिकाणी आणखी एक वर्ग दिसतो, तो म्हणजे अंगावर चिलखत नसलेला, हातापायांनी किंवा साध्या काठीने लढणारा, सर्वांत चपळ असा लढवय्या. इंग्रजी परंपरेत त्याला ‘मंक’, म्हणजे भिक्षू, हे नाव पडले असून प्रस्तुत लेखात त्याला ‘लढाऊ भिक्षू’ असे म्हटले आहे.

या वर्गाची कल्पना सांगायला सोपी आणि घडवायला अवघड आहे. कागदावर ‘हा सर्वांत वेगवान’ असे एका ओळीत लिहिता येते. पडद्यावर मात्र त्या वेगाची किंमत ॲनिमेशन, गणित, शत्रूंची रचना, सर्व्हरचा वेळ आणि खेळाडूची बोटे या सर्वांना मोजावी लागते. गेल्या पाच दशकांत या प्रश्नाला जी उत्तरे दिली गेली, ती वरवर पाहता परस्परांपासून दूर वाटत असली तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो : वेग नेमका कोणाचा असावा, पात्राचा की खेळाडूचा? या प्रश्नाच्या आधाराने पार्श्वभूमी, प्रमुख भूमिका आणि अद्याप न सुटलेले मुद्दे यांची क्रमाने मांडणी पुढे केली आहे.

पार्श्वभूमी : टेबलावरचा भिक्षू

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर आणि संभाषणावर चालणारा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत लढाऊ भिक्षूचा वर्ग प्रथम अवतरला. तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. ‘कुंग फू’ ही मालिका १९७२ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर चालू होती, ब्रूस ली यांचा ‘एन्टर द ड्रॅगन’ १९७३ मध्ये झळकला होता आणि रिकाम्या हाताने शस्त्रधाऱ्याला लोळवणारा संयमी लढवय्या लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. युरोपीय मध्ययुगाच्या धर्तीवर रचलेल्या खेळात हा पाहुणा शिरला तो या लाटेवर बसून.

१९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीतील भिक्षूची रचना पाहिली की पुढच्या साऱ्या वादाची बीजे तिथेच दिसतात. त्याला चिलखत वर्ज्य होते आणि त्याची जीवनशक्ती चार बाजूंच्या लहान फाशावर ठरत असे, म्हणजे सुरुवातीला तो अतिशय नाजूक होता. मात्र सामान्य माणसाची चाल १२ एकके असताना याची चाल पहिल्याच पातळीवर १५ आणि सर्वोच्च पातळीवर ३२ एकके होती, तसेच एका फेरीत मिळणाऱ्या वारांची संख्याही पातळीगणिक वाढत जाई. नाजूकपणाच्या मोबदल्यात वेग हा सौदा तेव्हाच ठरला.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातून हा वर्ग वगळला गेला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत परतला, तेव्हा त्याच्यासोबत ‘फ्लरी ऑफ ब्लोज’, म्हणजे वारांचा वर्षाव, हे कौशल्य आले. त्यात एक आंतरविरोध होता : वर्षाव करायचा तर भिक्षूला त्या फेरीत जवळजवळ एका जागी उभे राहावे लागे, आणि त्याच्या भरधाव चालीचा उपयोग करायचा तर वर्षाव सोडावा लागे. पायांचा वेग आणि हातांचा वेग एकमेकांच्या आड येत होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ‘की’ नावाची मोजकी आंतरिक शक्ती खर्च करून वर्षाव करण्याची सोय दिली आणि चाल मोकळी ठेवली, त्यामुळे ही गाठ सुटली. टेबलावर हा प्रश्न नियम बदलून सुटू शकला, कारण तिथे वेग ही केवळ मोजणी होती. दहा वार असोत वा एक, खेळाडूला फासे टाकण्यापलीकडे घाई नव्हती.

टेबलावरून पडद्यावर

पडद्यावरचा प्रवास दोन वाटांनी झाला. पहिली वाट जपानी रोल-प्लेइंग खेळांची. १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’त ‘ब्लॅक बेल्ट’ हा वर्ग होता. पुरेशी पातळी गाठल्यावर तो रिकाम्या हातांनीच अधिक भारी पडे, त्यामुळे शस्त्रखरेदीचा खर्च वाचे. १९९४ च्या सहाव्या भागात सेबिन या पात्राचे डाव बटणांची ठरावीक मालिका अचूक दाबल्यावरच साधत असत. ही कल्पना सरळ लढतीच्या खेळांतून, विशेषतः १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’नंतर घरोघरी पोहोचलेल्या सवयींतून आली होती. पात्राची चपळाई खेळाडूच्या बोटांत उतरली ती अशी.

दुसरी वाट अमेरिकी ॲक्शन आरपीजीची. डेव्हिड ब्रेव्हिक आणि सहकाऱ्यांचा ‘डायब्लो’ आधी पाळीपाळीने खेळण्याचा म्हणून योजला गेला होता. तो प्रत्यक्ष वेळेत चालणारा केल्यावर १९९६ च्या अखेरीस बाजारात आला आणि या प्रकाराचा साचा ठरला. त्याच्या १९९७ च्या ‘हेलफायर’ या विस्तारात काठी चालवणारा भिक्षू आला. २००० च्या दुसऱ्या भागाला २००१ मध्ये जोडलेल्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्ताराने ‘असॅसिन’ हा वर्ग आणून त्याच्या कौशल्यांचा एक पूर्ण विभाग युद्धकलेला दिला, आणि १५ मे २०१२ रोजी आलेल्या ‘डायब्लो थ्री’मध्ये भिक्षू मूळ पाच वर्गांपैकी एक झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नेही ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’ या विस्तारात भिक्षूचा वर्ग दाखल केला. डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण होण्याआधीच खेळायला खुला झालेला ‘पाथ ऑफ एक्झाइल टू’ लांब काठी वापरणारा भिक्षू घेऊनच आला. भिक्षू म्हटला की तो लढाऊच असतो असेही नाही, कारण २००५ च्या ‘गिल्ड वॉर्स’मधला त्याच नावाचा वर्ग जखमा भरून काढणारा उपचारक होता, म्हणून या आढाव्यात नावापेक्षा लढण्याची रीत महत्त्वाची मानली आहे.

वेगाची घटकद्रव्ये

भूमिकांकडे वळण्यापूर्वी वेग कशाचा बनतो हे पाहणे गरजेचे आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ठरावीक वेळा बदलते आणि अशा प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. कोणत्याही वाराचे तीन भाग पडतात : हात मागे घेण्याचा पूर्वभाग, वार प्रत्यक्ष लागू शकतो तो मधला भाग, आणि हात परत येईपर्यंतचा उत्तरभाग. समजा, पूर्वभाग ६, मधला भाग ३ आणि उत्तरभाग १५ अशा २४ फ्रेमचा, म्हणजे ०.४ सेकंदाचा, एक ठोसा आहे. त्याचा वेग दीडपट केला तर तो १६ फ्रेमचा होतो आणि पूर्वभाग चारच फ्रेमचा उरतो. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे सुमारे १५ फ्रेम लागतात, तेव्हा चार फ्रेमचा पूर्वभाग ओळखून त्याला उत्तर देणे कोणालाच शक्य नसते. शत्रू संगणकाचा असेल तर ही अडचण नाही. समोर दुसरा माणूस असेल तर मात्र ती मोठी आहे.

उत्तरभागाचे महत्त्व याहून अधिक आहे. खेळाडूला ‘पात्र चपळ आहे’ असे जाणवते ते हात किती लवकर पुढे जातो यावरून कमी आणि वार संपण्याआधी दुसरा निर्णय घेता येतो का यावरून अधिक. म्हणूनच ‘कॅन्सल’, म्हणजे उत्तरभाग मध्येच तोडून उडी, बगल किंवा दुसरा डाव सुरू करण्याची मुभा, आणि ‘इनपुट बफर’, म्हणजे किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून योग्य फ्रेमवर अमलात आणण्याची सोय, ही दोन साधने या वर्गाच्या रचनेत मध्यवर्ती ठरली. तिसरे साधन वरकरणी उलट दिशेचे आहे : वार लागताच चित्र काही फ्रेम थबकवणे, ज्याला ‘हिटस्टॉप’ म्हणतात. या क्षणिक थांब्याने वाराला वजन येते. मात्र सेकंदाला पाच-सहा वार करणाऱ्या पात्राला प्रत्येक वेळी तो दिला तर लयच अडखळते, आणि मुळीच न दिला तर ठोसे हवेत मारल्यासारखे वाटतात. हलका वार जाणवेल असा कसा करावा, हा या वर्गाच्या ॲनिमेशनकारांपुढचा जुना प्रश्न आहे.

पहिली भूमिका : वेग हा आकडा

पहिल्या भूमिकेनुसार भिक्षूचा वेग ही मुख्यतः आकड्यांत मांडण्याची बाब आहे. प्रत्येक वाराचे नुकसान कमी, पण सेकंदाला होणारे वार जास्त, आणि दोहोंचा गुणाकार इतर वर्गांच्या बरोबरीचा, अशी ही मांडणी आहे. तिचा मोठा गुण म्हणजे खेळाडूला आपली वाढ स्पष्ट दिसते. हातमोज्यांच्या नव्या जोडीने गती दहा टक्क्यांनी वाढली की ती लगेच पडद्यावर जाणवते, आणि मंद बोटांचा खेळाडूही बटण दाबून धरून त्या चपळाईचा आनंद घेऊ शकतो.

हा गुणाकार मात्र दिसतो तितका तटस्थ नाही. शत्रूचे चिलखत प्रत्येक वारातून १० गुण वजा करत असेल, तर १०० चा एक वार ९० चा होतो आणि १० चे दहा वार शून्य होतात. उलट एखादी अंगठी प्रत्येक वारात ५ गुणांची भर घालत असेल, तर पहिल्याचे १०५ आणि दुसऱ्याचे १५० होतात. ‘पाथ ऑफ एक्झाइल’च्या चिलखताचे सूत्रही असे आहे की ते मोठ्या वारापुढे कमी आणि लहान वारांपुढे जास्त प्रभावी ठरते. ‘वार लागताच जीवनशक्ती परत मिळणे’ यांसारखे गुण तर वेगवान पात्राच्या हाती पडले की सारा तोल बिघडवू शकतात. म्हणून ‘डायब्लो थ्री’मध्ये प्रत्येक कौशल्याला एक गुणक जोडावा लागला, ज्यामुळे झपाट्याने लागणाऱ्या वारांवर असे परिणाम अंशतःच लागू होत.

त्याच खेळाच्या इतिहासातील एक घटना या भूमिकेची मर्यादा दाखवते. प्रकाशनानंतर महिन्याभरातच, जून २०१२ च्या १.०.३ या सुधारणेत, बहुतेक सामग्रीवरील आघातगतीची वाढ निम्म्यावर आणली गेली, कारण तो एकच गुण इतर सर्वांहून सरस ठरून सामग्रीची निवड एकसुरी करू लागला होता. दुसरी मर्यादा यंत्राची आहे. ‘डायब्लो टू’ सेकंदाला २५ फ्रेमवर चाले, त्यामुळे गती वाढूनही वाराची पूर्ण एक फ्रेम कमी होईपर्यंत प्रत्यक्षात काहीच बदलत नसे. आकडा वाढला तरी हात तेवढाच हले. जाणत्या खेळाडूंनी हे उंबरठे पाठ केले, नवख्यांना ते कळले नाहीत.

दुसरी भूमिका : वेग ही साखळी

दुसरी भूमिका म्हणते की युद्धकलेचे मर्म डावांच्या जोडणीत असते. ‘स्ट्रीट फायटर टू’ घडत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की एका ठोशाला दुसरा असा जोडता येतो की मध्ये सुटकेला वाव राहत नाही. चुकून सापडलेल्या या गोष्टीतून ‘कॉम्बो’ची सारी परंपरा उभी राहिली. रोल-प्लेइंग खेळांनी ती आपल्या पद्धतीने स्वीकारली.

‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’मधील असॅसिन काही वारांनी तीनपर्यंत ‘भार’ साठवते आणि मग समारोपाच्या डावाने तो सोडते. कल्पना देखणी होती, पण ज्या खेळात किरकोळ शत्रूंचे थवे एका फटक्यात पडतात तिथे तीन वार साठवेपर्यंत समोर कोणी उरत नाही, आणि बलाढ्य शत्रूपुढे तेवढा वेळ उभे राहणे धोक्याचे असते, ही अडचण अनेकांना जाणवली. ‘डायब्लो थ्री’च्या भिक्षूने ती मवाळ केली : त्याचे प्राथमिक डाव तीन ठोशांचे असून तिसरा सर्वांत प्रभावी असतो, प्रत्येक ठोसा ‘स्पिरिट’ नावाची शक्ती साठवतो आणि मोठे डाव ती खर्च करतात. यातला प्रत्येक टप्पा स्वतःपुरता उपयोगी असल्याने साखळी तुटली तरी सारे वाया जात नाही.

या भूमिकेची सर्वांत धाडसी चाचणी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या भिक्षूवर झाली. त्या खेळात पात्र आपोआप ठराविक अंतराने वार करत राहते. २०११ मध्ये हा वर्ग जाहीर करताना त्याला असा स्वयंचलित वार नसेल, प्रत्येक ठोसा खेळाडूच्या आज्ञेनेच होईल, असे सांगण्यात आले. प्रकाशनापूर्वीच्या चाचण्यांच्या काळात मात्र तो वार परत आणला गेला. पुढे २०१६ च्या ‘लीजन’ विस्तारात याच वर्गाच्या विंडवॉकर शाखेला असा गुण मिळाला की लागोपाठ तोच डाव न वापरल्यास नुकसान वाढते. विविधतेला असे बक्षीस दिल्याने एकच बटण बडवण्याची सवय मोडते, हे तिच्या बाजूचे म्हणणे. एकाच क्रमाची घोकंपट्टी होऊन विविधता पुन्हा एकसुरी होते, हे विरुद्ध बाजूचे.

साखळी तुटण्याची शिक्षा किती असावी, हाही वादाचा मुद्दा आहे. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ हा काटेकोर अर्थाने ॲक्शन आरपीजी नसला तरी त्यातील भिक्षूचे उदाहरण बोलके आहे. तिथे सलग डावांनी ‘ग्रीस्ड लायटनिंग’ हा वेगाचा थर चढत असे आणि लढाईत खंड पडला की तो उतरत असे; डिसेंबर २०२० च्या ५.४ या सुधारणेत तो थर कायमचा केला गेला. वेग राखण्याची धडपड हाच त्या वर्गाचा प्राण होता असे मानणाऱ्यांना ही हानी वाटली. शत्रू काही काळ अदृश्य झाला म्हणून खेळाडूने शिक्षा का भोगावी, असे विचारणाऱ्यांना हा न्याय वाटला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तिसरी भूमिका : वेग म्हणजे अंतर कापणे

तिसऱ्या भूमिकेनुसार हातांपेक्षा पाय महत्त्वाचे. जवळून लढणाऱ्या पात्राचा बराचसा वेळ एका शत्रूपासून दुसऱ्यापर्यंत जाण्यात जातो, आणि तेवढा वेळ त्याचे नुकसान करण्याचे काम थांबलेले असते. धनुर्धाऱ्याला ही अडचण नसते. म्हणून ‘डायब्लो थ्री’च्या भिक्षूला शत्रूवर झेपावणारा ‘डॅशिंग स्ट्राइक’ आणि सात ठिकाणी क्षणात वार करणारा ‘सेव्हन-सायडेड स्ट्राइक’ हे डाव मिळाले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या भिक्षूला जमिनीवरून गडगडत जाण्याची ‘रोल’ मिळाली. २०२० च्या ‘हेडीस’मध्ये जोडमुष्टी हे सर्वांत झपाट्याचे हत्यार ठरले, आणि तिथे झेप व ठोसा यांची जोडणी हाच खेळण्याचा गाभा झाला.

या भूमिकेत एक धोका आहे. झेप जितकी स्वस्त, तितकी मैदानाची रचना निरर्थक होते; खंदक, कोंडी, तिरंदाजांची रांग हे सारे एका बटणात ओलांडले जाते. त्यावर कूलडाऊन, म्हणजे डाव पुन्हा वापरण्यापूर्वीची सक्तीची प्रतीक्षा, मोजक्या झेपा, किंवा झेपेला शक्तीचा खर्च असे उपाय योजले जातात, पण बंधन घट्ट झाले की पात्र चपळ वाटेनासे होते. ‘जेड एम्पायर’ने २००५ मध्ये वेगळी वाट चोखाळली होती : खेळाडूचे पात्र एकाग्रतेची शक्ती खर्च करून भोवतालचे जगच मंद करू शके. वेग हा तुलनेने ठरतो हे ध्यानात घेतले तर ही युक्ती फार मार्मिक आहे. मात्र अनेक जण एकत्र खेळतात तिथे एकासाठी सर्वांचा काळ मंद करता येत नाही.

तग धरण्याचा प्रश्न

चिलखताविना शत्रूच्या हाताच्या अंतरावर उभे राहणाऱ्याने जगावे कसे, हा प्रश्न तिन्ही भूमिकांना समान आहे. पहिले उत्तर सरळ सवलतीचे आहे. ‘डायब्लो थ्री’मध्ये जवळून लढणाऱ्या बार्बेरियन आणि भिक्षू या दोन वर्गांना इतरांपेक्षा ३० टक्के कमी नुकसान होण्याची मूळचीच सोय होती. ती परिणामकारक असली तरी पडद्यावर दिसत नाही, आणि चपळ पात्र गुपचूप दणकट केल्याने त्याच्या व्यक्तिमत्त्वाशी तडजोड होते, असा तिच्यावरचा आक्षेप आहे.

दुसरे उत्तर चुकवण्याचे आहे. ते नशिबावर सोडले, म्हणजे शत्रूचे ठराविक टक्के वार आपोआप हुकू दिले, तर खेळाडूच्या हाती काही राहत नाही आणि दोन वार लागोपाठ लागले की मृत्यू अकस्मात येतो. खेळाडूच्या वेळेवर सोडले, तर कौशल्य असलेला अजिंक्य आणि नसलेला हतबल ठरतो. तिसरे उत्तर काळाशी व्यवहार करण्याचे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील भिक्षूच्या ब्रूमास्टर शाखेत आघाताचा काही भाग लगेच न लागता काही सेकंदांत वाटून लागतो आणि मधल्या काळात तो झटकून टाकता येतो. २०१५ च्या ‘ब्लडबोर्न’मध्ये गमावलेली जीवनशक्ती थोड्या अवधीत उलट वार करून परत मिळवता येते. ही पद्धत खास भिक्षूसाठी नसली, तरी चपळ वर्गाच्या वृत्तीशी तिचा मेळ चांगला बसतो, कारण ती मागे हटण्यापेक्षा पुढे सरसावण्याला मोल देते.

रिकामी मूठ आणि सामग्रीचे अर्थकारण

ॲक्शन आरपीजीचा दुसरा प्राण म्हणजे लूट : पडलेल्या शत्रूकडून मिळणारी, पहिल्यापेक्षा सरस अशी सामग्री. निःशस्त्र लढवय्याला तलवार नको, मग त्याने शोधायचे काय? याला चार उत्तरे दिली गेली आहेत. हाताचे नुकसान पातळीबरोबर वाढवावे, हे पहिले; त्यात शुद्धता आहे पण शोधाचा आनंद कमी. पंजे किंवा मुष्टिशस्त्रे द्यावीत, हे दुसरे. असॅसिन आणि ‘डायब्लो थ्री’चा भिक्षू या वाटेने जातात, तरी त्या भिक्षूला दोन तलवारी धरून ठोसे मारताना पाहणे अनेकांना विसंगत वाटले. शस्त्राचे काम हातमोज्यांकडे द्यावे, हे तिसरे. ‘पाथ ऑफ एक्झाइल’मधील ‘फेसब्रेकर’ हे हातमोजे निःशस्त्र वारांचे नुकसान अनेक पटींनी वाढवतात आणि त्यांच्याभोवती खेळण्याची एक स्वतंत्र रीत उभी राहिली. काठी द्यावी, हे चौथे उत्तर.

वर्ग ही कल्पनाच अनावश्यक मानणारी एक बाजूही येथे नोंदवली पाहिजे. ‘एल्डन रिंग’च्या परंपरेत आरंभी निवडलेला वर्ग लवकरच गौण होतो आणि हातातले हत्यारच लढण्याची शैली ठरवते; जून २०२४ मधील ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या विस्ताराने हातापायांची युद्धकला तिथे हत्यारांचाच एक प्रकार म्हणून आणली. अशा रचनेत कोणालाही केव्हाही चपळ होता येते; त्या बदल्यात ‘मी भिक्षू आहे’ ही दीर्घकाळ जोपासलेली ओळख मात्र उरत नाही.

संस्कृतीचा प्रश्न

या वर्गावर सर्वांत उशिरा, पण गांभीर्याने, चर्चा झाली ती त्याच्या सांस्कृतिक उगमाची. चीन, जपान आणि भारतातील वेगवेगळ्या काळांच्या परंपरा एकत्र मिसळून ‘पौर्वात्य गूढ लढवय्या’ असा एकच साचा तयार झाला, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. चित्रपट आणि खेळ हे नेहमी मिश्रणातूनच घडतात आणि या साच्याने अनेकांना त्या परंपरांच्या अभ्यासाकडे वळवले, असे त्याचे समर्थक म्हणतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या पुस्तकात ‘की’ हा शब्द जाऊन एकाग्रता सुचवणारा ‘फोकस’ हा शब्द आला, हा या चर्चेचाच परिणाम मानला जातो.

इतिहास जवळून पाहिला तर रचनेलाही त्याची मदत होते. शाओलिन मठाची मिंग काळातली ख्याती प्रामुख्याने काठीच्या लढाईची होती आणि मुष्टियुद्धाला तिथे प्राधान्य मिळाले ते नंतर, असे मेइर शहार यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने ही विद्या तिथे नेली, ही भारतात लोकप्रिय असलेली कथाही इतिहासकार नंतरची रचना मानतात. त्यामुळे ‘हेलफायर’चा किंवा ‘पाथ ऑफ एक्झाइल टू’चा काठीधारी भिक्षू रिकाम्या मुठीच्या भिक्षूपेक्षा कमी अस्सल ठरत नाही.

भारतीय देशी परंपरांचा विचार या क्षेत्रात अजून विरळ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ची नायिका सर्कशीत वाढलेली असून ती खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते, तेव्हा मराठी वाचकाला मल्लखांबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, मात्र तो साहसखेळ आहे आणि त्यात वर्गांची निवड नाही. कोल्हापूरचा मर्दानी खेळ किंवा केरळचे कळरिपयट्टू यांच्या पायांच्या हालचालींतून एखादा पूर्ण वर्ग रचता येईल का, हा प्रश्न खुला आहे. तालमीच्या भाषेत तर पवित्रा, डाव, पेच आणि तोड हे शब्द आधीपासून आहेत. पवित्रा म्हणजे ज्यातून ठरावीक डावच निघू शकतात अशी उभे राहण्याची रीत, आणि तोड म्हणजे त्या डावाचे नेमके उत्तर. वर्गाच्या रचनाकाराला हवे असलेले व्याकरण यात तयार मिळते.

न सुटलेले मुद्दे

आजच्या घडीला चार मुद्दे अनिर्णित दिसतात. पहिला इंटरनेटवरून खेळण्याचा. खेळाडूच्या यंत्राकडून सर्व्हरपर्यंत आणि परत येण्यास १०० मिलिसेकंद लागत असतील तर तेवढ्यात सहा फ्रेम निघून जातात, आणि १६ फ्रेमच्या ठोशासाठी हा अवधी मोठा आहे. खेळाडूच्या यंत्राला आधी अंदाजाने वार दाखवू द्यावा आणि सर्व्हरने नंतर खात्री करावी, ही रीत रूढ आहे. तरीही अंदाज चुकला की लागलेला ठोसा न लागल्यासारखा होतो, आणि चपळ वर्गाला ही चूक सर्वांत जास्त वेळा भोगावी लागते.

दुसरा मुद्दा वाचनीयतेचा आहे. चौघे मिळून खेळत असताना भिक्षूच्या झेपांचा आणि प्रकाशरेषांचा गर्दीत इतका कल्लोळ होतो की शत्रूच्या हल्ल्याची पूर्वसूचना झाकली जाते. एकाची चपळाई इतरांच्या निर्णयाचा वेळ खाते. प्रकाशपरिणाम फिके करण्याची सोय हा उपाय आहे, पण त्याने वेगाचा देखणेपणाही फिका होतो.

तिसरा मुद्दा शरीराचा आहे. सेकंदाला अनेक वेळा बटण दाबायला लावणारी रचना बोटांना आणि मनगटाला त्रासदायक ठरते, आणि हाताच्या मर्यादा असलेल्या खेळाडूला तर ती दारच बंद करते. बटण दाबून धरल्यास साखळी चालू राहावी, ही सोय दिली तर कौशल्याचे मोल कमी होते का, यावर एकमत नाही. या वादाकडे बारकाईने पाहिले तर बोटांचे कष्ट आणि निर्णयाचे कौशल्य या दोन गोष्टी त्यात पुष्कळदा एकत्र मिसळल्या जातात असे दिसते.

चौथा मुद्दा वाढीचा आहे. हा वर्ग पहिल्या पातळीवर किती वेगवान असावा? आरंभीच पूर्ण चपळाई दिली तर पुढे वाढायला जागा उरत नाही. थोडी दिली तर पहिले काही तास खेळाडू ज्यासाठी हा वर्ग निवडला तेच अनुभवू शकत नाही. आकड्यांची भूमिका घेणारे दुसऱ्या बाजूला झुकतात, साखळीची भूमिका घेणारे पहिल्या.

समारोप

१९७५ पासूनचा हा प्रवास एकत्र पाहिला असता असे दिसते की तिन्ही भूमिका परस्परांना खोडून काढत नाहीत; प्रत्येक यशस्वी रचनेत तिन्हींचा अंश आहे आणि फरक पडतो तो प्रमाणाचा. आकडा पात्राला वेगवान करतो, साखळी खेळाडूला विचारात वेगवान करते, झेप दोघांना एकत्र मैदानभर फिरवते. ‘फ्लरी ऑफ ब्लोज’मधील जुना आंतरविरोध, म्हणजे उभे राहून मारायचे की फिरत राहायचे, हा नियमांत सुटला असला तरी फ्रेम, सर्व्हर आणि मनगट यांच्या पातळीवर तो नव्या रूपात परतलेला आहे. वेगाची किंमत रद्द करता येत नाही, ती कोणी द्यायची एवढेच ठरवता येते. पात्राच्या नाजूक देहाने, खेळाडूच्या सरावाने, की सोबत्यांच्या नजरेने. पुढील काळातील रचनांचे मूल्यमापन करताना सेकंदाला किती ठोसे पडतात याच्या जोडीला, त्या प्रत्येक ठोशानंतर खेळाडूला खरा निर्णय घेण्याइतकी जागा उरते का, हेही तपासावे लागेल.